गोल बुडाचा ओ

बुरुलचाच्या अक्षरांना कुठेही कोपरा नव्हता. तेलात फुगलेल्या बोरसोकसारखी, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांसारखी, ती गुबगुबीत दिसत. बारा वर्षं नारिन शहरातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून झाल्यावर ती तापलेल्या तारेने थर्माकोल कापू लागली. आता आइस्क्रीमच्या टपरीवर, बालवाडीच्या फाटकावर, मुलांच्या दातांच्या दवाखान्यावर तिचीच अक्षरं होती.

तोक्तोकान आपा या आजीबाईंच्या नातवाच्या पायांची दोरी कापायची होती; पोराची चाल मोकळी व्हावी म्हणून पाय बांधून ती कापायची किर्गिझ रीत. त्या दिवसासाठी आपांनी त्याचं नाव करायला सांगितलं, ओमोर. किर्गिझ लिपीत कमरेएवढी चार अक्षरं, त्यात दोन ओ, चाकासारखे गोल. पोर दीड वर्षाचं झालं तरी बोट सोडून चालत नव्हतं. पायांत दोष नाही, असं डॉक्टर म्हणत. सून ऐझादाला समारंभ पुढे ढकलायचा होता. सोयऱ्यांसमोर पोर मटकन बसलं तर बोल तिलाच लागणार होते. पण आपांनी जेवणासाठी मेंढासुद्धा ठरवून ठेवला होता.

ओचं बूड सपाट काप, असं आपांनी दोनदा सांगितलं. बुरुलचाने ऐकलं नाही. गोल अक्षर ओळीच्या किंचित खाली उतरलं नाही तर डोळ्याला खुजं दिसतं, आणि सपाट बुडाचा ओ बसकण मारल्यासारखा वाटतो. तिने प्रत्येक ओखाली दोन खुंट्या बसवल्या.

"आणि वारा सुटला तर?"

"खुंट्या धरतील, आपा."

"शाळेतही असंच शिकवायचीस का गं?"

त्या दिवशी नदीकडून वारा होता. ओमोरच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधली. मुलं लांबून शर्यत लावून पळत आली, पहिल्या आलेल्या मुलीने दोरी कापली. ऐझादाने दोन्ही हात धरून ओमोरला उभं केलं. तो उभा राहिला, तेवढंच. सुनेच्या माहेरी सगळेच उशिरा उठणारे, असं एक चुलत सासू सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली. ऐझादाने मान वर केली नाही.

तेवढ्यात पहिल्या ओच्या खुंट्या मोडल्या. ओ गवतावरून संथ घरंगळत निघाला. बुरुलचा धावली. दोन दिवसांचं काम ओढ्याकडे चाललं होतं.

"हात लावू नकोस त्याला," आपा म्हणाल्या.

ओमोरने आईचे हात सोडले होते. बुरुलचा जागीच थांबली आणि सवयीने मोजू लागली. सात पावलं. आठव्याला तो पडला, उठला, पुन्हा ओमागे निघाला. ऐझादा त्याच्यामागून रिकामे हात पुढे धरून चालत होती. ओ ओढ्यात पडला आणि तरंगत गेला.

जेवणात आपांनी मोठ्या पाहुण्याला देतात ते मेंढ्याचं मानाचं हाड बुरुलचापुढे ठेवलं. बुडाचा विषय काढला नाही.

त्या महिन्यात तीन घरांतून घरंगळणाऱ्या ओची मागणी आली. त्यातल्या एका मुलीचं नाव बेगिमाय होतं, त्यात ओ नव्हताच. खुंट्या कमी पडल्या आणि वारा जास्त होता, बाकी काही नाही, असं बुरुलचाने तिच्या आजीला समजावून सांगितलं.

"असू दे ते," आजी म्हणाली. "तू गोल काप."

तिने कापला. खुंट्या लावल्या नाहीत.