ताकाचा गुत्ता

निजामाच्या राज्यात सेलूहून विलायतेला निघालेला आमच्या घरचा पहिला माणूस म्हणजे आमचे हे. कापसाच्या जिनिंगची यंत्रं शिकायला वर्षभर जायचं होतं. दुपारची गाडी होती आणि घरात पाहुण्यांची जत्रा भरली होती. आठ दिवस मला यांच्याशी एक शब्द बोलायला मिळाला नव्हता. मोठ्यांदेखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. आग लागो त्या कायद्याला! मला एवढंच विचारायचं होतं, परत येणार ना? गेलेली माणसं तिकडंच मडम करून राहतात, असं गावभर बोललं जात होतं. जीव नुसता खालीवर होत होता.

आणि आमच्या सासऱ्यांना, मन्मथअप्पांना, चिंता कसली? तर पोरानं दारूच्या दुकानात बसायचं कसं याची!

भुजंग नावाचा खानसामा एका साहेबाबरोबर विलायतेत राहून आला होता. त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

"अप्पा, तिथला गुत्ता म्हंजे आपल्या शिंदीच्या दुकानावानी न्हाई," तो सांगायला लागला. "कारखान्याचे लोक संध्याकाळी तिथंच बसत्यात. न्हाई गेलं तर कुणी वळख देत न्हाई. प्यायचं नसंल तर सरबत मागा, कुणी जबरी करत न्हाई. पण एकानं समद्यांना पाजलं की मग दुसऱ्याची पाळी. पाळी चुकवून उठला, तर माणूस मनातून उतरला."

"पाहुण्यानं पैसे द्यायचे?" सासूबाई उखडल्या. "असली कसली रीत!"

"लिंगायताचं पोर, गळ्यात लिंग हाय त्याच्या, तो पिणार न्हाई," अप्पा म्हणाले. "पण चार माणसांत बसता आलं पायजे. भुजंग, करून दाखव."

झालं! ओसरीवर बाक आडवा लागला, पेल्यांत ताक आलं. अप्पा आणि भुजंग गिऱ्हाईक. हे "आता माझी पाळी" म्हणत उठायचे, पेले आणायचे आणि खो खो हसायचे. ते असे हसतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी दाराआडून बघत होते. हा माणूस तर आत्ताच तिकडं पोचला की!

"वाढायला बाई असती तिथं," भुजंग म्हणाला.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. "भागम्मा, तू हुबी ऱ्हा बाई."

पदर सावरत मी बाकामागं उभी राहिले.

"वैनी, तिनं बोलायचं असतंय. काय पायजे, इचारा."

"काय पायजे?" मी यांना विचारलं, सगळ्यांदेखत.

हे गोंधळले. "ताक," म्हणाले. लग्नानंतर दिवसाउजेडी आमचं झालेलं पहिलं बोलणं हे!

भुजंगला चेव आला होता. "आन् बंद करायच्या येळला तीच घंटा वाजवती. म्हणती, येळ सरली, उठा, घरला जावा. मग लाटसाहेब असला तरी उठतोय."

मी पळीनं पेला वाजवला. "येळ सरली," म्हणाले, आणि मग मला थांबवेचना. "उठा. घरला या. तिथं ऱ्हाऊ नका. घरलाच या."

"इतकं न्हाई म्हणत त्या, वैनी," भुजंग पुटपुटला.

अप्पा मान खाली घालून ताक पीत राहिले. त्यांचा पेला केव्हाच रिकामा झाला होता. सासूबाईंचा हात तोंडावर गेला.

हे उठून बाकापाशी आले. वडिलांकडं न बघता माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन म्हणाले, "वर्षाच्या आत घरी येतो, भागम्मा."