प्रतीक्षाच्या आवाजातली बाई

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. परतवाड्याच्या पुढे, जिथून मेळघाटचे डोंगर निळे दिसू लागतात, तिथल्या एका मळ्यातल्या घरात टीव्हीखालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावरची चंदेरी अक्षरे केव्हाच पुसली गेली. ट्रे आता बाहेरच येत नाही. पण कानावर पडलेले मी विसरत नाही, आणि एका उन्हाळ्यात या खोलीत जे ऐकले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. कुणीतरी माझ्या पोटात काचेचा डोळा बसवला, कुणीतरी झाकणाचे स्क्रू आवळले, आणि थर्माकोलमध्ये गुंडाळून मला अकोल्याला पाठवले. तिथे सूर्यभान नावाच्या माणसाची सीडी लायब्ररी होती. आमच्याकडे डीव्हीडीलाही लोक सीडीच म्हणतात. भाड्याने नेलेली सीडी परत आली की ती नीट चालते का, हे मी तपासून देत असे. ओरखडे पडलेली सीडीही हा पठ्ठ्या वाचतो, असे सूर्यभान गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, तेव्हा माझा हिरवा दिवा जरा जास्तच उजळल्यासारखा मला वाटे. पुढे लोक मोबाइलवर पिच्चर पाहू लागले. लायब्ररीचे शटर खाली आले ते आलेच. उरलेल्या सीड्यांबरोबर मला एका पोत्यात कोंबून पोटमाळ्यावर टाकले. तिथे माझ्या अंगावर धूळ साचली आणि पालींनी माझ्या पाठीशी अंडी घातली.

कैक वर्षांनी पोत्याचे तोंड उघडले. सूर्यभानची भाची प्रतीक्षा मला न्यायला आली होती. तिचे आईवडील, सत्यवती आणि देवीदास, मळ्यात भाजी पिकवून परतवाड्याच्या बाजारात विकतात. प्रतीक्षा बी.ए. झाली होती. मेळघाटातल्या सेमाडोहला पर्यटकांसाठी नवे लॉज उघडणार होते आणि तिथल्या काउंटरवर मुलगी हवी होती. मुलाखत जूनमध्ये, अमरावतीला, इंग्रजीतून. पुस्तकातले इंग्रजी तिला येत होते, पण तोंडातून निघत नव्हते. पिच्चर पाहून बोलायला शिकता येते, असे तिच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मळ्यात मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून मी.

मामाने निघताना तिला एवढेच सांगितले, “आधी लेकराईचे पिच्चर पाह्य. गोष्ट मालूम असली का बोलनं समजते.”

प्रतीक्षाला ते लागले. एवढी शिकलेली पोरगी, आणि लहान मुलांचे पिच्चर पाहायचे? तिने सर्वांत आधी मारामारीचा पिच्चर लावला. त्यात गाड्या उडत होत्या, माणसे पळत होती, आणि शिकण्यासारखे शब्द फार तर मूठभर. मग कोर्टातला एक लावला. तिथले वकील इतके भरभर बोलत की खाली येणाऱ्या ओळी वाचेपर्यंत पुढचे वाक्य निघून जाई. ती रडकुंडीला आली. आणि मग पोत्याच्या तळाशी तिला एक सीडी सापडली. तिला कव्हर नव्हते, नाव नव्हते. अकोल्यात इतकी वर्षे काढली, पण ती माझ्या पोटात कधी आल्याचे मला आठवत नव्हते.

त्या पिच्चरमध्ये एक बाई होती. बर्फाळ मुलखात, तळ्याकाठच्या घरात एकटीच राहणारी. ती स्वतःशीच बोलायची, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मध्येच दाराकडे वळून विचारायची, “हू इज देअर?” कुणीच नसायचे. मग ती खिडकीशी जायची. प्रतीक्षाला हाच पिच्चर आपल्यासाठी केल्यासारखा वाटला. प्रत्येक वाक्याला ती मला थांबवायची आणि तसेच्या तसे म्हणायची.

मे महिन्यात आमच्याकडच्या दुपारी फार शांत असतात. बाहेर ऊन पांढरे होते, पाखरूसुद्धा बोलत नाही. दारे-खिडक्या लावून, कूलरच्या घरघरीत ती रोज तोच पिच्चर पाहू लागली. तिचे इंग्रजी खरोखर सुधारले. सत्यवतीने शेजारणीला अभिमानाने बोलावून ऐकवलेही. पण हळूहळू प्रतीक्षा हाकेला ओ देईनाशी झाली. जेवताना ताट घेऊन खिडकीकडे तोंड करून बसू लागली. आई वऱ्हाडीत काही विचारायची, तर ती क्षणभर तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहायची आणि त्या बाईच्या आवाजात उत्तर द्यायची. देवीदास म्हणाले, मुलाखतीपर्यंत चालू दे. सत्यवतीचा मात्र कामात जीव लागेना.

मित्रांनो, मी यंत्र आहे. सीडीवर जे असेल तेच मला दाखवता येते. म्हणून त्या दुपारी काय घडले ते मला आजही उलगडत नाही. बाईने विचारले, “हू इज देअर?” प्रतीक्षा म्हणाली, “इट्स मी.” आता बाई खिडकीशी जायला हवी होती. ती गेली नाही. ती दाराकडे पाहत उभी राहिली. माझा काचेचा डोळा सीडीवर चाचपडत होता आणि तिथे त्याला काहीच मिळत नव्हते. तरीही बाई बोलली.

“कम इन, डिअर. टेक माय चेअर.”

एवढ्यात वीज गेली. टीव्ही विझला, कूलर थांबला, माझा दिवाही मावळला. आवाज मात्र थांबला नाही. अंधारलेल्या खोलीत खुर्चीवर प्रतीक्षा बसली होती आणि तिच्या एकाच तोंडातून दोघी बोलत होत्या. एक विचारायची, दुसरी उत्तर द्यायची. उत्तर देणारीचा आवाज दर वेळी बारीक होत चालला होता.

सत्यवती भेंडीची टोपली घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकले कोण जाणे. तिने टोपली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि लेकीसमोर जमिनीवर बसली.

“हू इज देअर?” प्रतीक्षाच्या तोंडून आले.

“मी सत्यवती. हे पोरीची माय.” पाहुणीशी बोलावे तशी ती बोलत होती. “खुर्ची म्हनलं, तेवढं मले समजलं, बाई. तुमाले कोनी नाई वाट्टे. बसाचं तर बसा आमच्या घरी, चहा ठेवतो. पन माह्या पोरीले तुमच्या खुर्चीवर बसवू नोका. तिले अजून लय फिराचं हाय.”

बाहेर कुठेतरी डिझेलचा पंप बंद पडल्याचे ऐकू आले. मग प्रतीक्षाचे खांदे हलू लागले. ती खुर्चीवरून खाली सरकली आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून पुटपुटली, “माय, मले तहान लागली.”

सत्यवतीने त्या सीडीवर राग काढला नाही. देवीदास ती विहिरीत टाकायला निघाले, तर तिने अडवले. एकटी बाई आहे, कुठे टाकता, म्हणाली. तिने ती रुमालात बांधून फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती स्वतः लेकीशेजारी बसू लागली. पिच्चर निवडला तो लहान मुलांचा, हरवलेल्या कोकराचा, ज्यात घरभर माणसे भांडतात, हसतात, एकमेकांना हाका मारतात. प्रतीक्षा एक वाक्य ऐकायची, आईला वऱ्हाडीत सांगायची, आणि मग तेच आपल्या शब्दांत इंग्रजीत म्हणायची. कधी चुकायची. चुकली की दोघी हसायच्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कुणी असे हसल्याचे मला आठवत नाही.

जूनमध्ये ती अमरावतीला जाऊन आली. काही प्रश्न तिला कळले नाहीत, तेव्हा तिने पुन्हा विचारायला सांगितले. अडखळत, पण स्वतःच्या आवाजात बोलली, असे तिने घरी आल्यावर आईला सांगितले. तिची निवड झाली. आता ती सेमाडोहला असते, सुट्टीला जीपने येते.

लेक गेल्यावर एका दुपारी सत्यवतीने रुमालाची गाठ सोडली आणि ती सीडी एकटीने लावली. बाईने दाराकडे वळून विचारले. “मी हाय, बाई,” सत्यवती म्हणाली. बाई निमूटपणे खिडकीशी गेली. तेवढ्यात मळ्यातून देवीदासांची हाक आली. सत्यवती लगबगीने उठली, टीव्ही बंद केला, पण माझे बटण दाबायचे विसरली. मग माझा ट्रे अडकला तो अडकलाच, आणि ती सीडी माझ्या पोटातच राहिली.

म्हणून, मित्रांनो, इंग्रजी शिकायला पिच्चर जरूर पाहा. पण ज्यात माणसे माणसांशी बोलतात असा निवडा, आणि शेजारी आपले कुणीतरी बसवून घ्या. माझ्यासारख्या जुन्या यंत्राची धूळ अधूनमधून पुसा. आणि पाहून झाले की सीडी आठवणीने बाहेर काढा. तुम्ही उठून जाता, खोली रिकामी होते, तरी आतली बाई विचारतच राहते. आणि मला उत्तर देता येत नाही.