झेलीमावशीची झोप

डोकं दुखलं तर लव्हेंडर, गांधीलमाशी चावली तर लव्हेंडर आणि सुनेशी पटत नसेल तर तिच्या उशीखाली लव्हेंडरची पुरचुंडी, असा झेलीमावशीचा कायदा होता आणि अख्खं व्हालसोर्ग गाव तो पाळायचं. तिच्या अंगणात तांब्याची भट्टी होती. नवरा होता तोवर दोघं मिळून तेल काढत, तो गेल्यावर ती एकटी काढू लागली. कुत्र्याला साप डसला की शिकारी तिच्याकडे धावत, पोरांच्या डोक्यात उवा झाल्या की बाया येत. झोप न येणाऱ्याला ती रुमालावर चार थेंब टाकून द्यायची आणि बजावायची, "उद्या उठायला उशीर झाला तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही."

आणि नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच सप्टेंबरात तिची स्वतःचीच झोप उडाली.

चार थेंबांनी भागेना, तेव्हा चाळीस झाले. उशी भिजली, चादर भिजली, पण डोळ्याला डोळा लागेना. चाळीस वर्षं त्या वाफेत उभं राहून तिच्या नाकानं त्या वासाची दखल घेणंच सोडून दिलं होतं. असे तीन आठवडे गेले.

गावात औषधांचं दुकान एकच, तेओद्यूल बारास यांचं. तिथं जाणं म्हणजे नाक कापून हातात देणं. हा बारास, विधुर माणूस, गावसभेत उभं राहून म्हणाला होता, "त्या तेलानं कपाटातली कसर पळते, बाकी काही होत नाही." त्यावर मावशी म्हणाली होती, "म्हणूनच माझ्या दारावरून जाताना तुम्ही पळत जाता." तेव्हापासून दोघांचा छत्तीसचा आकडा.

शेवटी बाजाराच्या दिवशी मावशीनं शेजारणीचा काळा रुमाल डोक्याला बांधला आणि मानोस्क शहराची बस धरली. तिथं तिला कोण ओळखतंय? झोपेची पुडी घ्यायची आणि गुपचूप परत यायचं. कॉफी प्यायलाही ती थांबली नाही.

बसमध्ये मागच्या बाकावर बारास बसला होता. उजवा हात कोटाच्या खिशात.

"कुठं निघालात, मादाम?"

"भाचीकडे. आणि तुम्ही?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"तोंड तर चांगलं चालतंय," असं म्हणून ती पार पुढं जाऊन बसली.

मानोस्कला उतरून ती औषधांच्या दुकानाकडे निघाली, तर वाटेत एका तेलवाल्याच्या टपरीपुढं बारास उभा. टोपी नाकापर्यंत ओढलेली, हातात बाटली.

"अस्सल डोंगरातलं लव्हेंडर, साहेब," तेलवाला सांगत होता. "भाजल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही."

बारासनं खिशातून हात काढला. तळवा लालबुंद, वर दोन टपोरे फोड.

मावशीनं खाली मान घालून निघून जायला हवं होतं. पण बाटलीतला वास आला, आणि तिच्या मेलेल्या नाकालाही तो झोंबला.

"डोंगरातलं कसलं डोंबलाचं," ती म्हणाली. "हे खालच्या माळावरचं अस्पिक आहे, लव्हेंडरचा हलका भाऊबंद. कापराचा वास मारतोय त्याला, वर टर्पेंटाइन ओतलंय. हे खेचराच्या पायाला चोळतात."

तेलवाल्यानं बाटली काढून घेतली. बारास टोपीसकट पांढरा पडला.

तिनं त्याचं बखोट धरून त्याला चौकातल्या कारंज्यापाशी नेलं, हात गार पाण्यात धरायला लावला आणि आपल्या पिशवीतली कुपी काढून हळूच थेंब सोडले.

"कसं भाजलं?"

"मलम उकळत होतो."

"कसलं?"

"भाजल्यावर लावायचं."

मावशीनं हसू दाबलं, पण खांदे हलायचे ते हललेच. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं औषधं विकलेला माणूस. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला वाचता येत होती.

"भाचीला किती दिवस झोप नाही?" त्यानं विचारलं.

मावशी गोंधळली. "भाचीला... तीन आठवडे."

"भाची कॉफी किती पिते?"

"जास्त नाही. सहा-सात वाडगे."

"एवढी कशाला?"

"काय करणार? घर गप्प झालंय. नवरा होता तेव्हा भट्टीसारखा घोरायचा, मी रोज शिव्या द्यायची. आता..." ती थांबली. "म्हणजे भाची द्यायची."

"भाचीला गोळीची गरज नाही," बारास हळूच म्हणाला. "दुपारनंतर कॉफी बंद आणि निजताना लिंडनच्या फुलांचा काढा."

"झाडपाला सांगताय मला?"

"कुणाला बोललात तर मी साफ नाही म्हणेन."

परतीच्या बसमध्ये एकच बाक रिकामा होता. ऊन काचेतून आत येत होतं. चढण लागली तसा बारासचा डोळा लागला आणि तो घोरायला लागला, चांगला दणदणीत. मावशीनं त्याला कोपरानं ढोसायचं ठरवलं आणि ठरवता ठरवता तीही झोपली.

जाग आली तेव्हा बस गावच्या चौकात उभी होती. तिचं डोकं बारासच्या खांद्यावर, त्याचा गाल तिच्या रुमालावर, आणि खिडकीबाहेर बेकरीवाली ओनोरीन निम्म्या गावासकट.

"दोघं मिळून कुठं गेला होतात म्हणायचं?" ओनोरीननं विचारलं.

खरं सांगायचं तर तेलवालीला गोळी हवी होती आणि गोळीवाल्याला तेल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचाही धंदा त्या एका उत्तरावर बसणार होता.

बारासनं घसा साफ केला. "फिरायला," तो म्हणाला.

एकदा म्हटल्यावर निभावणं आलं. तो दर रविवारी जेवायला येऊ लागला. जेवण झालं की चुलीपुढच्या खुर्चीत त्याची मान कलंडायची आणि समोर मावशी तासभर मेल्यासारखी झोपायची. तेलानं की काढ्यानं, यावर त्यांची चौकात उभं राहून जाहीर भांडणं व्हायची. वसंतात पाद्रीबाबांनी लग्नाची तारीख विचारली, तेव्हा नाही म्हणायला दोघांपैकी कुणालाच कारण सापडलं नाही.