कैलासच्या सलामीचं तेल

"हे कोणाले सांगन त कोणी मानणार नाई, गुरुजी! सेलूच्या बाजारात सांगतलं त लोकायनं मले येड्यात काढलं. पण खरं ते खरं!" मी एकदम मोठ्यानं बोललो. इतक्या मोठ्यानं की अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. बोलणं भागच होतं. प्रभाकरराव गुरुजींच्या तोंडातून नको ती गोष्ट बाहेर पडली होती.

गुरुजी हिंगणघाटकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांना गावातलं काय बोलायचं आणि काय गिळायचं हे अजून कळलेलं नव्हतं. सकाळी शाळेच्या फाटकाला गावच्या शहीद पोलिसाचं, कैलासचं नाव दिलं, भाषणं झाली, आणि आम्ही तिघं कैलासच्या घरी येऊन बसलो. बसल्या बसल्या गुरुजींनी विचारलं, "मी आयकलं का कैलासच्या सलामीच्या वक्ती बंदुका वाजल्याच नाई म्हणे? कोण्या झाडपाल्याच्या तेलानं अटकल्या?"

देवकाबाई, कैलासची माय, दारात बसून तुरीची डाळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

आणि ते झाडपाल्याचं तेल ज्यानं केलं, तो नागसेन माझ्या शेजारीच खाटेवर बसला होता. कैलास गेल्यापासून तीन वर्षं त्यानं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. आज देवकाबाईनं निरोप धाडला, "नागसेनभाऊले घेऊन येजा," म्हणून मी त्याला बोरगाव मेघेहून मोटारसायकलवर घालून आणलं. येताना वाटेत तो दोनदा म्हणाला, "नत्थूजी, मले इथीच उतरवून दे बावा." आता तो मान खाली घालून खाटेचा सुंभ चाचपत होता. या घरात त्याला यापुढं बसता येईल की नाही, हे माझ्या जिभेवर येऊन ठेपलं होतं. माझी जीभ तशी कधी कमी पडलेली नाही.

"अटकल्या?" मी म्हणालो. "गुरुजी, तुम्ही अर्धंच आयकलं. मी तिथं होतो. बसा, सांगतो."

आणि मी सांगायला लागलो.

हा नागसेन पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका साफ करायचा. उभा जन्म त्यातच गेला. जिल्ह्यातली एकही बंदूक अशी नाही की जिच्या नळीत यानं डोळा लावून पाहिलं नाही. पण यानं स्वतः कधी चिमणीवर सुद्धा गोळी झाडली नाही. चिंधी, घासलेट आणि ते सरकारी काळं तेल, एवढाच संसार. त्या तेलानं याचे हात असे सोलून निघाले की घरी भाकर मोडता येईना. बायको कुस्करून द्यायची. डॉक्टर म्हणायचे, हात घासलेटात घालू नका. आता सुताराला कोणी म्हणावं का, की लाकडाला हात लावू नको?

कैलास नवा नवा पोलिसात लागला तेव्हा त्याला याच्या हाताखाली दिलं. तो याला मामा म्हणायचा. एक दिवस दुपारी दोघं संत्रं खात बसले होते. नागसेनच्या बोटांवर बारुदाची काजळी, साबणानं न निघणारी. संत्रं सोललं, सालीचा रस उडाला, आणि जिथं जिथं उडाला तिथं बोट गोरं!

"मामा," कैलास ओरडला, "तुमचं बोट त नवरदेवावानी निंगालं!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून हा पोरगा वर्ध्यातल्या रसवाल्यांकडून सालींची पोती उचलायला लागला. वर्दीतला पोलीस साली मागतो म्हटल्यावर रसवाले आधी घाबरले. एकानं तर सालीबरोबर डझनभर संत्रीही आणून ठेवली. कैलासनं ती परत केली. हो, परत केली, हे मी वाढवून सांगत नाही.

सालींच्या अर्कानं काजळी निघायला लागली. साफसफाईचं जमलं. आता तेल हवं. ते माझ्या तेलाच्या घाण्यावर आलं. करंजाचं काढलं, एरंडीचं काढलं. करंज कडू, कीड लागत नाही. एरंडी चिकट, लोखंडाला धरून राहते. दोन्ही मिसळलं तर काकवीसारखं दाट झालं. तेव्हा नागसेन म्हणाला, "जवस टाक."

"बंदुकीत जवस?" मी म्हणालो. "चटणी करून राह्यला काय?"

"तीस वर्षं झाले, मी बंदुकीच्या कुंद्याले जवसाचं तेलच लावून राह्यलो. आरशावानी चमकते. लाकडाले चालते त लोखंडाले काऊन नाई?"

याच्यावर मी काय बोलणार? आमच्या घरी जवस पोटातही जाते आणि बैलाच्या खुरालाही लागते. टाकलं जवस.

साहेब चांगले होते. म्हणाले, सहा बंदुका घ्या, करून पाहा. उन्हाळ्यात मैदानावर चाचणी झाली. गुरुजी, काय सांगू! त्या नळीवर एक माशी बसली, ती घसरली ती थेट पवनारच्या पुलावर जाऊन थांबली. गोळी अशी गुळगुळीत सुटली की निशाणाला भोक पडल्यावर चाप ओढणाऱ्याला आठवलं, अरे, आपल्याला चाप ओढायचा होता!

गुरुजी खो खो हसले. "नत्थूजी, माशीपर्यंत ठीक हाय. पुढचं जरा कमी करा."

सूप पुन्हा हळूहळू वाजायला लागलं. मला धीर आला. नागसेन मात्र हसला नाही.

मग साहेब म्हणाले, उन्हाळ्यात सगळंच पळते, पावसाळ्यात पाहू. त्या सहा बंदुकांना शेवटचा हात मारून त्या तशाच फळीवर ठेवायच्या, पावसाळाभर कोणी शिवायचं नाही, गंज चढतो का ते बघायचं. तो शेवटचा हात कैलासनं मारला. एकेक बंदूक मांडीवर घेऊन, तान्ह्या पोराला तेल लावावं तसा.

आणि मग तो पूर आला.

इथं मी काही वाढवत नाही, गुरुजी. एसटी नाल्याच्या पुलावर अडकली, पाणी खिडक्यांना लागलं. कैलास कमरेला दोर बांधून गेला आणि माणसं काढत राहिला. म्हातारी, लेकुरवाळी, कंडक्टर. सगळी निघाली. शेवटी आम्ही दोर ओढला तो हलका आला. नुसता दोर. मी दोर ओढणाऱ्यांत होतो. माझ्या हाताला ते हलकेपण अजून कळते.   एक बाई कडेवरच्या पोराचं तोंड दाबून उभी होती, का ते तिलाही माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला बाभळीत सापडला.

सरकारी सलामी ठरली. अर्ध्याहून जास्त शिपाई पुराच्या बंदोबस्ताला, त्यांच्या बंदुका पाण्यानं भिजलेल्या. नागसेन साहेबांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, त्या सहा द्या. त्याच्याच हातच्या हायत. त्याची सलामी त्यायनंच झाली पायजे." साहेबांनी मान हलवली. यानं सहाही बंदुका काढल्या. एक डाग नाही! नव्या भांड्यासारख्या लखलखीत. चाप ओढून पाहिला, खट्ट वाजलं. हा माणूस तिथं, त्या शस्त्रागारात, पहिल्यांदा रडला. दुःखानंही आणि, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानानंही.

आमच्याकडे रिवाज आहे, बाया मसनात जात नाहीत. देवकाबाई इथं घरीच राहिली. आम्ही पुरुष नाल्याकाठी गेलो. सरण रचलं. सहा जवान ओळीनं उभे राहिले, नळ्या आभाळाकडं. हुकूम झाला, "फायर!"

खट्ट.

गुरुजी, सहा बंदुकांचा तेवढाच आवाज. कुलूप लावावं तसा. लोक एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. मला वाटलं माझेच कान गेले. पुन्हा हुकूम. पुन्हा खट्ट. 

सूप थांबलं होतं. गुरुजी पुढं सरकले. "म्हंजे नाईच वाजल्या?"

"सबूर!" मी म्हणालो. "जवस! जवस वाळते, गुरुजी. लाकडावर चमकते ते वाळते म्हणूनच चमकते. पावसाळाभर पडून ते लोखंडावर डिंकावानी बसलं. काडतुसाच्या बुडाले ठोका देते ती पिन त्यात रुतली. चाप ओढला त आवाज होते, पण ठोक्यात दमच नाई. आता पाहा ह्या माणसाचं!"

आणि मी खाटेवरून उठलोच.

नागसेन ओळीतून धावला! साहेबांना विचारलं नाही, कोणाला विचारलं नाही. सरणाजवळ घासलेटाचा डबा होता, तो उचलला. ज्या घासलेटानं याचे हात खाल्ले, त्यात यानं दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. एकेका बंदुकीचा पिनेसकट खटका काढला, डब्यात बुडवला, अंगातल्या वर्दीनं पुसला, परत बसवला. सहाच्या सहा! हातांची आग होत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण बोट चुकलं नाही. मग मागं सरला, सलाम ठोकला आणि म्हणाला, "साहेब, आता हुकूम द्या."

"फायर!"

धडाड्! नाल्याकाठचे बगळे सगळे एकदम उडाले. पुन्हा धडाड्! आवाज बोरच्या जंगलात जाऊन परत आला. तिसऱ्यांदा धडाड्! गावातली कुत्री भुंकायला लागली, बैलांनी दावी तोडली, सेलूच्या बसस्टॉपवर माणसं उठून उभी राहिली, की कोण मोठा माणूस चालला!

मी बसलो. मला दम लागला होता. माझ्याच अंगावर काटा उभा राहिला होता, इतकं ते मला दिसत होतं.

गुरुजींनी डोळे पुसले. "मंग यायले शस्त्रागारातून काढून गेटच्या पहाऱ्यावर काऊन टाकलं म्हणतात?"

"कोणी टाकलं? यानंच मागून घेतलं! हात खराब झालते न!" मी एका श्वासात सांगून टाकलं. "लोकायचं काय, लोक काईबी बोलतात. पिंपळाखाली बसणाऱ्यायले काय काम हाय? बोल न बे नागसेन, खरं का नाई?"

नागसेननं माझ्याकडं पाहिलं.  मी त्याच्या मांडीवर थाप मारली आणि दाराकडं हात केला. "आन हे देवकाबाईनं आयकलं असन न! इथपर्यंत आला असन आवाज. वाऱ्याचा रोख उलटा होता, नाईतर घरावरचे कवेलू हालले असते."

देवकाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मांडीवरचा कोंडा झटकला. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही.

"नत्थूजी, त्या दिवशी वारं नव्हतंच," ती म्हणाली. "झाडाचं पान हालत नव्हतं. तुमी सारे गेले आन गाव असं चूप झालं का नाल्याचं पानी मले इथी आयकू येत होतं. मी बायायले म्हनलं, रडू नका, आता माह्या पोराच्या बंदुका वाजतीन, मले आयकू द्या. साऱ्या जनी चूप बसल्या. आमी बसूनच होतो. मंग सरणाचा धूर दिसला."

 माझी जीभ, जी कधी कमी पडली नाही, टाळूला चिकटली.

"एकबी नाई वाजली, नत्थूजी. तुमी खोटं बोलून राह्यले."

नागसेन उठला. पायात चपला शोधायला लागला. डोळ्यांना काही दिसत नसावं, माझ्याच चपलेत पाय घालत होता.

"बसा, भाऊ," देवकाबाई म्हणाली. "मी हे सारं समजूनच बोलावलं तुमाले."