बांधलेल्या पायाचं चित्र

मित्रांनो, वर्गात अंधार करून तुम्ही ज्याच्या उजेडाकडे बघत बसता, तो प्रोजेक्टर मी. आता जुना झालो आहे. मंचरच्या एका छोट्या संस्थेच्या कपाटात वायरींच्या गुंत्यात पडून असतो. दिव्यात पूर्वीसारखा दम उरलेला नाही.

मी कारखान्यात जन्मलो. भिंग बसलं, पंखा बसला, दिवा बसला आणि एक दिवस मी खोक्यातून इथे आलो. माझं काम एकच: समोर येईल ते मोठं करून दाखवायचं. बरोबर काय, चूक काय, हे मला ठरवता येत नाही.

संस्थेत स्नेहल नावाची मुलगी होती. गावोगाव जाऊन ती आरोग्याची माहिती सांगायची. जीपमध्ये धक्के बसू नयेत म्हणून मला मांडीवर घेऊन बसायची. आम्ही राजुरीला गेलो, घोडेगावकडच्या वाड्यांवर गेलो. भिंतीवर चित्र उमटलं की कुणीतरी म्हणायचं, "पिक्चरवानी दिसतंय राव!" मला फार बरं वाटायचं.

भातकापणीच्या आधी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर सर्पदंशाची माहिती द्यायची होती. स्नेहलने रात्रंदिवस खपून स्लाइड केल्या. तिचे वरिष्ठ सुदर्शन सर म्हणाले, "काही सुटायला नको हं. सगळी माहिती आली पाहिजे." मग सगळी आली. एकेका स्लाइडवर मुंग्यांसारखी अक्षरं. ओळी गिरक्या घेत यायच्या. त्या गर्दीत एकच चित्र मोठं आणि ठसठशीत होतं: दोरीने करकचून बांधलेला पाय. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'असे कधीही करू नका.' लॅपटॉपवर ते छान दिसत होतं.

कार्यक्रम वस्तीवरच्या बुद्धविहारात झाला, भर दुपारी. खिडक्यांना पडदे नव्हते. पांढऱ्या भिंतीवर माझी पिवळी अक्षरं उन्हात विरघळून गेली. पाय मात्र स्पष्ट दिसत राहिला. स्नेहल बोलत होती, पण मागे पोरं रडत होती, बाया 'काय म्हणतेय?' असं एकमेकींना विचारत होत्या. शेवटी टाळ्या झाल्या. आम्ही खुशीत परत आलो.

कापण्या संपल्यावर आम्ही पुन्हा त्याच विहारात गेलो. या वेळी विषय दुसरा होता. स्नेहल मला टेबलावर ठेवत होती, तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी पुढे आले. भिमाजी त्यांचं नाव.

"ताई, एक इचारायचं व्हतं," ते म्हणाले. "आमच्या मंडळीला भाताच्या पेंढ्यात घोणस चावली. तुमी दावलं व्हतं तसाच पाय बांधला मी. चांगला आवळून. जीप मिळंपातूर सोडला न्हाई. डाक्टरनं जीव वाचवला, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बांधण्यात माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते.

स्नेहलने हातातली वायर मला जोडली. लॅपटॉप उघडून तिने ती जुनी स्लाइड भिंतीवर लावली. भिमाजींना भिंतीजवळ नेलं आणि त्या फिकट ओळीवर बोट ठेवलं.

"आबा, इथे लिहिलं होतं... असं करू नका."

भिमाजी डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"हे व्हय," ते म्हणाले. "हे न्हाई दिसलं."

मग पायताण घालून ते निघून गेले. त्या दिवशीचा कार्यक्रम झालाच नाही. मित्रांनो, मला डोळे मिटता येत नाहीत. स्नेहल मला बंद करायचंही विसरली होती. तो पाय भिंतीवर कितीतरी वेळ तसाच होता.

पुढच्या आठवड्यात तिने सगळं नव्याने केलं. आता एका स्लाइडवर एकच गोष्ट होती. चित्र होतं ते आडवं निजवलेल्या माणसाचं आणि दाराशी उभ्या जीपचं. त्यावर जाड काळी अक्षरं: 'बांधू नका. चावलेला भाग हलवू नका. दवाखान्यात न्या.' ती मला घेऊन थेट भिमाजींच्या घरी गेली. त्यांची बायको ठकूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका बाजूचं लुगडं गुडघ्याखाली जमिनीवर रिकामं पडलं होतं. समोरच्या भिंतीवर मी उजेड टाकला.

स्नेहल एक शब्दही बोलली नाही. चित्र बघून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "मावशी, काय कळलं?"

"बांधायचं न्हाई. गुमान गाडीत घालायचं," ठकूबाई म्हणाल्या. मग त्या हळूच बोलल्या, "लई सोपं हाय की गं. एवढंच व्हतं व्हय?"

भिमाजी उठून अंगणात गेले.

त्यानंतर ती नवी चित्रं आम्ही पुष्कळ गावांत दाखवली. पुढे स्नेहलने काम सोडलं आणि संस्थेत नवा प्रोजेक्टर आला. मला पुसायला आता कुणी येत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या शाळेत, कॉलेजात स्लाइड कराल. त्या देखण्या झाल्या की लगेच खूश होऊ नका. ज्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही, अशा एखाद्याला आधी बोलवा. त्याला दाखवा, गप्प राहा आणि काय दिसलं ते विचारा. त्याने चुकीचं सांगितलं, तर त्याला हसू नका. स्लाइड बदला.