पलंगावरची गोर्रियोन

एलिएसेरच्या घरात पाहुण्यांची खोली एकच, आणि तिथे गोर्रियोन अंड्यांवर बसली होती. छपराच्या ताडपानाचं एक टोक पलंगावर लोंबत होतं. त्याच्या पोटाशी तिनं कोळ्याच्या जाळ्यानं घरटं चिकटवलं होतं. वाकड्या चोचीचं, अंगठ्याएवढं, फुलातला मध पिणारं पाखरू. पण तिला धागा कमी पडू नये म्हणून एलिएसेरच्या बायकोनं, ओडिलीनं, महिनाभर घरातली जळमटं काढली नव्हती.

त्यांची लेक योर्लेनी लग्नासाठी स्पेनहून आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, इन्यिगोला, घेऊन येणार होती. एलिएसेरनं फोनवर त्याला खोलीची अडचण सांगितली.

"गोर्रियोनच ना, सासरेबुवा?" इन्यिगो हसला. "झाडू घ्या नि हाकला. आमच्याकडे ढिगानं असतात. ताटातला पाव पळवतात मेल्या."

एलिएसेरनं फोन आपटला आणि तो ओडिलीकडे वळला.

"गोर्रियोनवर झाडू उगारणाऱ्याला पोर द्यायची?"

"पाव खाते म्हणे," ओडिली म्हणाली. "त्या चोचीत पाव जाईल कसा?"

"म्हणजे थापाड्याही आहे."

शनिवारी योर्लेनी नि इन्यिगो बसमधून उतरून घरी आले. एलिएसेर खोलीच्या दारात हात पसरून उभा. इन्यिगो ताडमाड उंच. त्याला सासऱ्याच्या डोक्यावरून सगळं दिसलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"सासरेबुवा, हलू नका. आत कोलिब्री बसलीय. केवढीशी आहे हो. मी अंगणात झोपतो."

"कोलिब्री काय? गोर्रियोन आहे ती."

"छे. गोर्रियोन तपकिरी, जाडी. चिवचिवते, खरकटं खाते."

योर्लेनीनं कपाळावर हात मारला. "बाबा, आपल्या गोर्रियोनला स्पेनमध्ये कोलिब्री म्हणतात. त्यांची गोर्रियोन म्हणजे चिमणी."

एलिएसेर उंबऱ्यावर बसला. 

"चिमणी होय," तो म्हणाला. "चिमणीवर उगार हो झाडू. आपलं काही म्हणणं नाही."

"मग आता लग्नाचं खोळंबलंय काय?" योर्लेनीनं विचारलं.

खोळंबलं होतं. रागाच्या भरात एलिएसेरनं पाद्रींना नवरामुलगा तापानं वारल्याचं कळवलं होतं, आणि गावानं चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती. आज तिसरा दिवस.

"इन्यिगो, बाळा, भूक लागली असेल ना?" एलिएसेर उठला. "चल, तुझ्या प्रार्थनेला जाऊ. पानात वाफवलेले मक्याचे तामाल आहेत. लग्नाची तारीखही तिथेच घेऊन टाकू, सगळे जमलेच आहेत."