एकाच डोळ्याचं ऑपरेशन

एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची गोष्ट. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलायला अजून सात वर्षं होती.

त्या उन्हाळ्यात पालमकडचे धनगर बिरू आणि कासाबाई नेहमीसारखे खतासाठी आमच्या सेलूच्या रानात मेंढ्या बसवायला आले. कासाबाईनं कपाळाला फडकं आवळलं होतं. मी डोकेदुखीची गोळी काढली.

"डोस्कं न्हाई दुखत वैनी. हे सोडलं की पापण्या पडत्यात."

आठवड्यापूर्वी लांडग्यानं तिच्या समोरून कोकरू नेलं होतं. बिरू म्हणाला, "फुडल्या साली हिला घरीच ठिवतो. झाकल्या डोळ्याची राखण काय कामाची?"

"तीस वर्सं मेंढरामागं चालले. आता भिंती राखू का?"

मी तिला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची भुवई अंगठ्यानं दाबून धरली, खाली-वर बघायला लावलं, पट्टीनं मोजलं. नुसती कातडी लोंबली असती तर कापून भागलं असतं, म्हणाले. पण पापणी उचलणारा स्नायूच ढिला झाला होता. तो आखूड करून शिवावा लागणार होता. अगदीच निकामी असता, तर मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून पापणी भुवईला टांगावी लागली असती.

"झोपेत डोळा पुरता मिटणार नाही. मलम घाला. थोडी फट कायमची राहू शकते."

कासाबाईनं फडकं पुन्हा कपाळाला आवळलं. मग म्हणाली, "डागदरसाहेब, मेल्यावर मिटंल का?"

"मावशी, ते मी कुणाला विचारू?"

तिची सासू उघड्या डोळ्यांनी गेली होती. म्हातारीची इच्छा सुनेनं मारली, असं लोक वर्षभर बोलत होते.

"मंग एकच करा," ती म्हणाली. "एकानं मेंढरं राखीन. दुसरा ऱ्हाऊ द्या मिटायला."

डॉक्टरांनी आणि मी तिला समजावलं. ऐकलं नाही. उजवा केला.

पुढं सहा वर्षं ती कळपामागं हिंडली. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्याच रानात तापानं गेली. डावा डोळा आपोआप मिटला, उजव्याला फट राहिली. बिरू मेंढरं वळवून येईपर्यंत मी त्यावर तळहात धरून बसले. तो आला तेव्हा डोळा मिटलेला होता.

बिरूनं वर्षभरात कळप विकला, लेकीकडे राहिला, तिथंच वारला. डॉक्टर औरंगाबादला गेले, एवढंच कानावर आलं. आता माझ्याही पापण्या पडल्यात. सून म्हणते, हल्ली तासाभरात होतं. मी बघू म्हणते. दुपारी घरात कुणी नसलं की कपाळाला फडकं बांधून पेपर वाचते.